पुठ्ठ्याच्या खोक्यात सर्किट बसवताना या चुका टाळा

पुठ्ठ्याचे खोके अर्ध्या तासात तयार होते, आणि त्यामुळेच बहुतेक जण ते प्रकल्पाच्या शेवटी, घाईघाईने उरकून टाकतात.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे फक्त बोर्डाचे माप घेणे. आर्डुइनो ऊनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड) ६८.६ बाय ५३.४ मिलिमीटरचा असतो एवढे वाचून नवखे लोक ७० बाय ५५ चे खोके कापतात. यूएसबीचे सॉकेट बोर्डाच्या कडेबाहेर सुमारे ६ मिलिमीटर आलेले असते, पिनांमध्ये खोचलेल्या जंपर वायरींची टोके वर उभी राहतात आणि ३ मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा वापरला तर आतली जागा प्रत्येक दिशेने ६ मिलिमीटरने कमी होते, याचा विचारच झालेला नसतो. मी सगळ्या वायरी जोडून, केबल लावून मगच मोजपट्टी हातात घेतो.

दुसरी चूक उष्णतेची. एका घड्याळासाठी मी १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवरून ७८०५ रेग्युलेटरने ५ व्होल्ट काढले होते, तेही हीटसिंक (उष्णता पसरवून हवेत सोडणारा धातूचा तुकडा) न लावता. घड्याळ टेबलावर तासन्‌तास नीट चाले, पण खोक्यात घातले की थोड्या वेळाने आकडे विझत. दोन संध्याकाळी मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात घालवल्या. शेवटी लक्षात आले की झाकण उघडले की काही मिनिटांतच आकडे परत येतात. पाव अँपिअर प्रवाहाला रेग्युलेटर पावणेदोन वॅट उष्णता बाहेर टाकत होता. पन्हळींमध्ये, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या नागमोडी थरात, हवा अडकलेली असल्यामुळे पुठ्ठा ती उष्णता आतच कोंडत होता आणि रेग्युलेटर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडत होता. तेव्हापासून मी बक कन्व्हर्टर, म्हणजे फारशी उष्णता न करता व्होल्टेज उतरवणारे सर्किट, वापरतो, आणि भोके एकाच बाजूला न पाडता काही तळाजवळ, काही झाकणाजवळ पाडतो, म्हणजे गरम हवा वर निघून जाते आणि थंड हवा खालून येते. तापमानाचा सेन्सर मात्र खोक्याबाहेरच ठेवावा. आत ठेवलेला सेन्सर खोलीचे नव्हे, खोक्याचे तापमान सांगतो.

घडी घालण्याआधी रेघ बोथट टोकाने दाबून घ्यावी, नाहीतर पुठ्ठा हवा तिथे वाकत नाही. कटरचे पाते नवे असावे आणि एका जोरदार कापाऐवजी तीन हलके काप द्यावेत. बोथट पात्याने पन्हळी चेपतात. बोर्ड हॉट ग्लूने थेट तळाला चिकटवणे हा आळस आहे, कारण पुढे दुरुस्तीसाठी तो काढताना पुठ्ठ्याचा थर उपटून येतो. त्याऐवजी प्लास्टिकचे स्टँडऑफ (बोर्ड तळापासून उचलून धरणारे छोटे खांब) आणि एम३, म्हणजे ३ मिलिमीटर व्यासाचे, स्क्रू वापरावेत व खालून रुंद वॉशर लावावा. खोके चकचकीत दिसावे म्हणून त्यावर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळू नये. आत ईएसपी३२ (वायफाय असलेला मायक्रोकंट्रोलर) असेल तर त्याचा वायफाय सिग्नल त्यामुळे अडतो.

घरातल्या विजेवर थेट चालणारे कोणतेही सर्किट पुठ्ठ्यात ठेवू नये, चाचणीपुरतेसुद्धा नाही.