काळा रंग न वापरता आत्मचित्र

फ्रान्समधला इम्प्रेशनिस्ट चित्रकार कामील पिसारो याने 1903 साली, म्हणजे मृत्यूच्याच वर्षी, रंगवलेले आत्मचित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. आकार जेमतेम 41 × 33 सेंमी. इम्प्रेशनिस्ट पद्धतीने, म्हणजे बारकावे न कोरता बदलता उजेड सुट्या फटकाऱ्यांत पकडत, स्वतःचा चेहरा तैलरंगात रंगवायचा तर एवढाच कॅनव्हास घ्या. याहून मोठा घेतलात तर उजेड बदलायच्या आत तो भरून होत नाही.

उजेड एकाच खिडकीचा हवा, शक्यतो उत्तरेच्या. मुंबई-पुण्यात मे मध्य ते जुलैअखेर दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, तेव्हा तिथूनही ऊन येते. पातळ पांढरा पडदा सोडा. ट्यूबलाइट बंद. एका बैठकीला दीड-दोन तास, पुढची बैठक त्याच वेळेला.

आरसा कॅनव्हासला लागून, डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, म्हणजे मान न हलता फक्त नजर फिरेल. तो एक मीटरवर असला की स्वतःला आपण दोन मीटरवरून पाहतो. त्याहून जवळ गेलात तर पापण्या मोजायचा मोह होतो. पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टीने खूण करा.

रंग सातच: टायटॅनियम व्हाइट, कॅडमियम यलो, कॅडमियम रेड, पर्मनंट अलिझरिन (गडद किरमिजी), कोबाल्ट ब्लू, अल्ट्रामरीन (गडद निळा), व्हिरिडियन (निळसर हिरवा). काळा नाहीच. पांढरा बाकी सगळ्यांच्या बेरजेइतका काढा, पण मिसळताना जपून. टायटॅनियम फार जोरकस असतो, जास्त झाला की कातडी खडूसारखी दिसते. रंग अर्धा तास टीपकागदावर ठेवला तर जादा तेल शोषले जाते आणि फटकारा बसतो तसाच राहतो. फार वेळ ठेवलात तर मात्र वाळल्यावर भुगा सुटतो.

कॅनव्हासला आधी दिलेल्या फिकट राखाडी अस्तरावर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या कोबाल्टने डोक्याचा अंडाकार आणि सावलीची कड एवढेच काढा. नाक-डोळे नकोत. मग डोळे किलकिले करून 12 नंबरच्या फ्लॅट ब्रशने उजेड, सावली, पार्श्वभूमी हे तिन्ही भाग एकदमच भरा. पार्श्वभूमी शेवटाला ठेवली तर डोके कापून चिकटवल्यासारखे दिसते.

खरी मेख सावलीत आहे. निळ्या-जांभळ्या सावल्या उन्हातल्या चित्रांत पाहिलेल्या असतात. खोलीतल्या थंड उजेडात त्या तशाच घातल्या की चेहरा आजारी दिसतो. उत्तरेच्या उजेडात सावली उबदार असते. गव्हाळ वर्णाच्या सावलीला अलिझरिन, थोडा व्हिरिडियन आणि चिमूटभर कॅडमियम यलो. निळसर छटा फक्त जबड्याखाली, तीही शर्ट पांढरा किंवा निळा असेल तरच.

एक फटकारा, एक छटा. दर वेळी ब्रश चिंधीला पुसा. ओल्या रंगावर तिसऱ्यांदा ब्रश फिरला की चिखल झालाच. झाला तर वर रंग न चढवता पॅलेट नाइफने खरवडून पुन्हा लावा. डोळ्यांसाठी भुवईखालची सावली आणि वरच्या पापणीची गडद कड बहुधा पुरते. बुबुळात चमक घालायची तर ती सगळ्यात शेवटी, आणि एकाच डोळ्यात.

वार्निश लावू नका; पिसारोलाही ते नको असे. वार्निशने टीपकागदामुळे मिळालेला मॅटपणा (चकाकी नसणे) जातो. धुळीची भीती असेल तर फ्रेमला काच लावा, पण रंग पूर्ण वाळल्यावर, आणि काच रंगाला टेकू न देता.