अंजीर: न दिसणाऱ्या फुलाची निगा

बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल झालास की!’ म्हणतो. उंबराला फूल नसतं असं नाही, ते दिसत नाही. अंजिराचंही तसंच. वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर एकाच फायकस वंशातले. अंजीर उभं चिरून पाहा. आत गुलाबी दोऱ्यांसारखं जे दाटून बसलेलं असतं ती सगळी फुलं, आणि देठाच्या उलट टोकाला असतं एक बारीक तोंड. म्हणजे मोहोराची वाट बघायची नाही. पानाच्या बगलेत हिरवी गोटी दिसली की फुलोरा आलाच.

जात निवडतानाही हेच लक्षात घ्यायचं. काही जातींत त्या तोंडातून साधारण 2 मिलिमीटरची एक गांधीलमाशी परागकण घेऊन आत शिरली तरच फळ टिकतं, नाहीतर ते गोटीएवढं असतानाच गळतं. ही माशी जिथे नसते तिथे कितीही खत घाला, उपयोग शून्य. ब्राउन टर्कीसारख्या जाती परागीभवनाशिवायच पिकतात. घरी लावायला अशीच जात घ्या आणि रोप घेताना तसं स्पष्ट विचारा. बियांपासून झाड करू नका. त्यातली बरीचशी खायच्या कामाची निघत नाहीत, आणि ते कळेपर्यंत काही वर्षं जातात.

सोपा मार्ग छाट कलमाचा. झाड विश्रांतीत असताना, पानं झडल्यावर, गेल्या हंगामातली पेन्सिल ते अंगठ्याएवढी जाड काडी घ्या. लांबी 20 ते 25 सेंटिमीटर, डोळे किमान तीन-चार. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि सरळ, वरचा काप डोळ्याच्या बोटभर वर आणि तिरका. अशाने लावताना काडी उलटी होत नाही. कापातून चीक येईल, तो पाण्याने धुऊन काडी काही तास सावलीत सुकू द्या. चीक कातडीला लागून वर ऊन पडलं तर फोड येतात आणि काळे डाग बरेच दिवस जात नाहीत, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच.

निम्मं कोकोपीट आणि निम्मी जाडी वाळू ओलसर करून घ्या. मूठ दाबली तर एखादाच थेंब गळावा. काडीचा दोन-तृतीयांश भाग त्यात खोचा आणि थेट ऊन न येणाऱ्या उबदार, उजेडाच्या जागी ठेवा. सर्वांत जास्त काड्या मरतात त्या यानंतर. दोन-तीन आठवड्यांत वरून कोवळी पानं फुटतात, माणूस खूश होतो आणि पाणी वाढवतो. पण ती पानं काडीतल्या साठ्यावर आलेली असतात, खाली मुळाचा पत्ता नसतो. जास्तीच्या पाण्याने काडीचा तळ काळा पडतो आणि पानं मान टाकतात. ती बघून आणखी पाणी घातलं की संपलंच. पारदर्शक पेल्यात लावलं तर पांढरी मुळं बाहेरून दिसतात. ती पेल्याच्या भिंतीला भिडल्याशिवाय रोप हलवू नका. याला चार ते आठ आठवडे लागतात.

कायमची कुंडी 40 ते 50 सेंटिमीटर रुंद, तळाला मोठी भोकं. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं खत, एक भाग जाडी वाळू. दिवसाला किमान सहा तास ऊन. बोटाचं एक पेर खोल माती कोरडी लागली की भरपूर पाणी, तोवर नाही. नत्र जास्त झालं तर पानं हाताच्या पंजापेक्षा मोठी होतात आणि फळ लागत नाही. दोन-तीन वर्षांनी झाड काढून मुळांचा बाहेरचा थर छाटा आणि त्याच कुंडीत नव्या मातीत बसवा. पानांखाली विटकरी भुकटी दिसली तर तो तांबेरा. रोगट पानं गोळा करून नष्ट करा आणि पाणी बुंध्याशीच द्या.

छाटणीत बेताने. मुख्य बहार चालू हंगामाच्या नव्या फुटव्यांवर येतो, पण काही जातींत एक लवकरचा बहार जुन्या काडीवरही असतो. सरसकट छाटलंत तर तो गेला. नव्या फुटव्याला पाच-सहा पानं झाली की शेंडा खुडा.

फळ आधी भराभर वाढतं, मग कित्येक आठवडे तसंच हिरवं टणक राहतं. ही अवस्था नेहमीचीच, खताचा मारा करू नका. शेवटच्या काही दिवसांत ते झपाट्याने फुगतं. तोंडाभोवती लाली चढल्यावर तिथे खाद्यतेलाचा एक थेंब लावला तर फळ लवकर पिकतं, हा जुना उपाय आहे. लाली यायच्या आधी लावला तर फळ बेचव निघतं.

तोडल्यावर अंजीर पुढे पिकत नाही. मान झुकली, सालीवर बारीक चिरा पडल्या, तोंडाशी मधासारखा थेंब आला की तोडा. देठातून पांढरा चीक आला तर घाई झाली. पिकताना एकदम जास्त पाणी मिळालं की फळ तडकतं, आणि त्याच तोंडातून किडे शिरून ते आंबतं. केंबरं म्हणजे उंबरातले बारीक किडे; ‘उंबर फोडून केंबरं काढणं’ म्हणजे झाकलेली वैगुण्यं उघडी करणं, ते फळात दडलेल्या अशा किड्यांवरूनच. ग्रीकमध्ये ‘सिकोफान्टिस’चा शब्दशः अर्थ ‘अंजीर दाखवणारा’, आणि अथेन्समध्ये खोट्या फिर्यादी करणाऱ्याला तो शब्द लावत. इंग्रजीत त्याचाच पुढे ‘सिकोफंट’, म्हणजे खुशामतखोर, झाला. लॅटिनमध्ये तर अंजीर खाऊन पोसलेल्या जनावराच्या यकृताला ‘फिकाटुम’ म्हणत, आणि इटालियन ‘फेगातो’ म्हणजे यकृत, तो त्यातूनच आला.

आंबूस वासाचं फळ झाडावर किंवा झाडाखाली ठेवू नका, त्यावरचे किडे शेजारच्या फळात शिरतात. चांगली फळं देठ वर ठेवून एका थरात पसरा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.