घरच्या संगणकाचे सुरक्षा अपडेट: नवी मुंबईकरांसाठी

जून २०१७ मध्ये न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज संगणकीय हल्ल्यामुळे ठप्प झाले. त्या विषाणूने इतर मार्गांबरोबरच विंडोजमधील ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती.

अशा दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात आणि वेळेतील फरकामुळे आपल्याकडे रात्री उशिरा पोहोचतात. म्हणून बुधवारी संध्याकाळी सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’ उघडून ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबावे. डाउनलोड संपले की काम झाले, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ‘रीस्टार्ट’ केल्याशिवाय बहुतेक दुरुस्त्या लागू होत नाहीत, आणि लॅपटॉपचे झाकण नुसते मिटणे म्हणजे रीस्टार्ट नव्हे. महावितरणने देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचे कळवले असेल, तर त्या वेळी अपडेट सुरू करू नये. लॅपटॉपही चार्जरला जोडूनच ठेवावा.

विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली; संगणक पात्र असल्यास विंडोज ११ घ्यावे. ब्राउझरही अद्ययावत ठेवावा. मात्र एखाद्या संकेतस्थळावर ‘तुमचा संगणक धोक्यात आहे, येथून अपडेट करा’ अशी खिडकी उघडली, तर तिच्यातील कोणतेही बटण न दाबता तो टॅब बंद करावा.