अनोळखी कॉन्ट्रा नृत्याच्या आकृत्या उलगडताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधल्या एखाद्या टाउन हॉलमध्ये किंवा ग्रेंज हॉलमध्ये (शेतकरी संघटनेच्या सभागृहात) कॉन्ट्रा या सामूहिक लोकनृत्याची संध्याकाळ रंगली की दुसऱ्या दिवशी कोणीतरी फोनवर टिपलेला अर्धवट व्हिडिओ आणि त्यावरून घाईने लिहिलेले आकृत्यांचे, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे, कार्ड पुढे करून ‘हे कोणते नृत्य?’ असे विचारतोच. विचारणाऱ्यांत अलीकडे आपली मराठी मंडळीही असतात. विचारण्याला माझी हरकत नाही. मात्र त्या कार्डांवरच्या चुका दर वेळी त्याच असतात, याचा आता कंटाळा आला आहे.

या नृत्याचा सांगाडा ठरलेला आहे. समोरासमोर दोन लांब ओळी असतात आणि दोन-दोन जोड्यांचे चौघांचे गट पाडलेले असतात. धून बत्तीस बारची, म्हणजे ६४ मात्रांची असते. तिचा पहिला भाग दोनदा आणि दुसरा भाग दोनदा वाजतो, आणि असा प्रत्येक भाग १६ मात्रांचा असतो. एक आवर्तन संपले की प्रत्येक जोडी एक जागा सरकते आणि तिच्यासमोर नवी जोडी येते. दोघांनी एकमेकांना धरून गिरक्या घेणे म्हणजे स्विंग. जोडीत स्विंगनंतर डावीकडे राहणाऱ्याला लार्क आणि उजवीकडे राहणाऱ्याला रॉबिन म्हणतात. पूर्वी यांनाच जेंट्स आणि लेडीज म्हणत.

सर्वांत मोठी चूक ही की व्हिडिओ जिथे सुरू होतो तिथेच नृत्य सुरू होते, असे गृहीत धरले जाते. एका होतकरू कॉलरने, म्हणजे मंचावरून आकृत्या पुकारणाऱ्याने, असेच एक कार्ड तयार केले होते: शेजाऱ्याशी (गटातल्या दुसऱ्या जोडीतल्याशी) स्विंग ८ मात्रा, लांब ओळी पुढे-मागे ८, रॉबिन्स चेन (रॉबिन्स एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात) ८, चौघांची पूर्ण गुंफण १६, जोडीदाराशी बॅलन्स (एकमेकांकडे पाऊल टाकून मागे येणे) आणि स्विंग १६, आणि शेवटी डावीकडे पाऊण वर्तुळ ८. बेरीज बरोबर ६४ आली आणि तेवढ्यावर गृहस्थ निश्चिंत झाले. वास्तविक या कार्डाने पहिल्याच नजरेत संशय यायला हवा होता, कारण त्यात १६ मात्रांची गुंफण एका भागाच्या मध्यावर सुरू होऊन दुसऱ्या भागाच्या मध्यावर संपते आणि बॅलन्सही भागाच्या मधोमध येतो. जाणकार वादक बॅलन्सला जो ठोका देतात तो बहुधा भागाच्या समेवर असतो, आणि व्हिडिओत तो तसा स्पष्ट ऐकू येत होता. पण गृहस्थांनी फक्त पाहिले होते, ऐकले नव्हते.

शिवाय त्या कार्डाप्रमाणे तेच चौघे रात्रभर एकमेकांभोवती फिरत राहिले असते. हे लक्षात आल्यावर मूळ गृहीतक तपासण्याऐवजी त्यांनी स्विंग आणि वर्तुळ यांच्यामध्ये ‘पास थ्रू, पुढची जोडी’ अशा चार मात्रा घुसडल्या आणि ६८ मात्रांचे हे कार्ड घेऊन ते थेट मंचावर उभे राहिले. पहिले आवर्तन बॅलन्स-स्विंगपर्यंत सुरळीत चालले. मग पास थ्रू झाला, दोन्ही ओळी एकमेकींना ओलांडून गेल्या आणि अख्खा हॉल भिंतींकडे तोंड करून उभा राहिला. लोक हसत हसत वळून वर्तुळ करू लागले तोवर वादक पुढच्या आवर्तनात शिरले होते.

खरे नृत्य बेकेट रचनेचे होते, म्हणजे जोडीदार एकाच ओळीत शेजारी उभे राहून सुरुवात करतात. त्याची सुरुवात पाऊण वर्तुळाने होती आणि त्या वर्तुळात शिरताना प्रत्येक जोडी डावीकडे सरकून नव्या जोडीसमोर येत होती. या सरकण्याला वेगळ्या मात्रा नसतात. काही आवर्तनांनंतर कॉलर पुकारणे थांबवतो तेव्हा तर ते कानालाही सापडत नाही. म्हणून मी पहिल्यांदा स्क्रीन झाकून केवळ धून ऐकतो आणि दुसरा भाग संपून पहिला पुन्हा सुरू होतो ती वेळ टिपून ठेवतो. कॉलरच्या शब्दांवरून ही वेळ ठरवू नये, कारण तो आकृतीच्या आधीच्या दोन-चार मात्रांवर पुकारतो. त्यानंतर एकच जोडी धरून तिच्यासमोर नवे चेहरे नेमके केव्हा येतात ते पाहतो. आकृत्यांची नावे लिहिण्याचे काम सर्वांत शेवटी येते.

दुसरी चूक स्विंगच्या मात्रा मोजत बसण्याची. स्विंग ही लवचिक आकृती आहे: आधीचे वर्तुळ लवकर आटोपले तर ती लांबते, रेंगाळले तर आखडते. ठरावीक मात्रांच्या आकृत्या आधी मांडाव्यात आणि उरलेल्या मात्रा स्विंगला द्याव्यात. स्विंगमध्ये महत्त्वाचा असतो तो शेवट, कारण कितीही गिरक्या झाल्या तरी अखेरीस रॉबिन उजवीकडेच असतो आणि तिथून पुढच्या जागा पक्क्या होतात. मी यासाठी कॅरमच्या दोन काळ्या आणि दोन पांढऱ्या सोंगट्या वापरतो. एक रंग म्हणजे एक जोडी, आणि रॉबिनच्या सोंगटीवर शाईचा ठिपका. प्रत्येक आकृती टेबलावर सरकवून पाहिली असती तर वरच्या गृहस्थांना भिंत टेबलावरच दिसली असती. ‘एवढा वेळ कोणाला आहे?’ असे म्हणणाऱ्यांनी निदान मंचावर चढण्याची घाई करू नये.

कपड्यांवरून भूमिका ठरवू नये. कॉन्ट्राला घेरदार स्कर्ट घालून येणारे पुरुष पुष्कळ असतात, आणि भूमिका तर कोणीही कोणतीही घेतो. ओळीच्या टोकांकडे पाहू नये, कारण तिथे एखादी जोडी थांबलेली असते. सराईतांच्या जादा गिरक्या आकृतीत धरू नयेत. दोन वेगवेगळे गट पाहिले की खरे-खोटे कळते. ‘राइट अँड लेफ्ट थ्रू’ला शेवटी जोडीने वळण असते, ‘पास थ्रू’ला नसते, आणि दोन्हींत चार मात्रांचा फरक पडतो. स्विंग म्हणजे फुगडी नव्हे. दोन्ही हात धरून फिरणे ही वेगळी आकृती आहे आणि ती वेगळी लिहावी.

जुन्या नृत्यांच्या बाबतीत ६४चा हट्टही सोडावा लागतो: ‘मनी मस्क’ २४ बारांवर, म्हणजे ४८ मात्रांवर नाचले जाते. नावावरून धूनही ठरवू नये, कारण ‘कोरस जिग’ नाचतात ते जिगवर नव्हे, तर रील या दुसऱ्या प्रकारच्या धुनेवर.

राहिला नावाचा शोध. ‘द कॉलर्स बॉक्स’सारख्या संग्रहात आकृत्यांवरून शोधता येते, पण लोक तिथे ‘स्विंग’ आणि ‘चेन’ टाकतात आणि निकालांच्या ढिगाऱ्यात हरवतात. नृत्यातली सर्वांत विचित्र आकृती आधी टाकावी, रचना बेकेट आहे की इम्प्रॉपर (सुरुवातीला जोडीदार समोरासमोरच्या ओळींत) ते सांगावे, आणि मगच क्रम जुळवावा. एका आकृतीच्या फरकाने वेगळी झालेली नृत्ये ढीगभर आहेत, त्यामुळे सगळ्या आकृत्या जुळेपर्यंत कार्डावर नाव आणि रचनाकार यांच्या जागा मी कोऱ्याच ठेवतो.