अमेरिकेत डिस्क प्लेअर घेताना: आधी बॅग उघडा, मग दुकान गाठा

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये बिऱ्हाड लागलं, पासष्ट इंची टीव्ही भिंतीवर चढला, की नव्याने आलेल्या मंडळींचा फोन ठरलेला: "दादा, प्लेअर कुठला घेऊ? पिक्चर झकास दिसला पाहिजे." माझा उलट प्रश्नही ठरलेला: लावणार काय? भारतातून आणलेल्या डीव्हीडी, की इथे मिळणाऱ्या फोर-के, म्हणजे अतिस्पष्ट चित्राच्या, डिस्क? दोन्हींसाठी लागणारी यंत्रं वेगळी आहेत. एकाच महागड्या यंत्रात सगळं बसवायला गेलात तर खिसा रिकामा होतो आणि घरच्या डीव्हीडी तशाच पडून राहतात.

आधी घरच्या डीव्हीडींचं बघू. डीव्हीडीला प्रदेशाचं कुलूप असतं, त्याला रीजन म्हणतात: भारताचा ५, अमेरिकेचा १. इथल्या दुकानातून उचललेला साधा प्लेअर रीजन ५ ची डिस्क घेणार नाही. डब्यावर 'ऑल रीजन' छापलंय म्हणून निर्धास्त राहू नका, कारण दुसरा अडसर पॅल-एनटीएससी या टीव्हीच्या दोन चित्रपद्धतींचा आहे. आपल्याकडची पद्धत पॅल, म्हणजे ५७६ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. इथली एनटीएससी, ४८० ओळी आणि जवळपास ३० चित्रं. म्हणून दुकानदाराला दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: सगळे रीजन चालतात का, आणि पॅलचं एनटीएससीत रूपांतर प्लेअरच्या आतच होतं का? पहिल्याला 'हो' आलं म्हणून दुसरं गृहीत धरू नका.

घरून प्लेअर आणायचा विचार असेल तर त्याच्या पाठीमागचं लेबल वाचा. १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलं असेल तर इथल्या चपट्या पिनेचा अडॅप्टर पुरतो. नुसतं २२० असेल तर ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तेवढा खटाटोप करण्याइतका तो प्लेअर मोलाचा क्वचितच असतो. शिवाय वीज जुळली तरी चित्र येईलच असं नाही. इथले काही टीव्ही ५० हर्ट्झचा सिग्नल मुकाट घेतात, काही 'नो सिग्नल' दाखवून मोकळे होतात.

चित्राचा खरा कस लागतो तो या जुन्या डीव्हीडींवर. बऱ्याच डीव्हीडींवर चित्र इंटरलेस्ड असतं, म्हणजे आधी विषम ओळी, मग सम ओळी. त्या नीट जुळवण्याचं काम प्लेअरला किंवा टीव्हीला करावं लागतं. परीक्षा घ्यायची तर लावणी लावा. गिरकी घेताना नऊवारीच्या जरीच्या काठाला कंगव्यासारखे दाते दिसले, तर ओळींची जुळणी फसली आहे. मग श्रेयनामावली बघा. नावं वर सरकताना थरथरली, तर २५ ची ३० करताना गडबड होते आहे. प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन रूपांतर एकदा प्लेअरकडे, एकदा टीव्हीकडे सोपवून पाहा. दोघांपैकी एक जण हे काम हटकून बरं करतो. पॅलमधला सिनेमा मात्र मुळातच चार टक्के वेगाने पळतो, कारण २४ चित्रांचा सिनेमा २५ ने चालवलेला असतो. गाण्याची पट्टी किंचित चढी लागली तर प्लेअरला बोल लावू नका.

व्हीसीडीबद्दल फार आशा ठेवू नका. नाटकांच्या व्हीसीडी पुष्कळांच्या घरी आहेत, मलाही त्या टाकवत नाहीत. पण त्यावरचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आणि फोर-के पडद्यावर त्याच्या ऐंशीपटीहून जास्त ठिपके. कितीही पैसे ओतले तरी नसलेला तपशील कुठून येणार? लॅपटॉपवर व्हीएलसी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये लावा आणि संवाद ऐका.

आता फोर-के. इथे उलटा हिशेब आहे. या डिस्कना रीजनची भानगडच नाही, त्यामुळे भारतात परत गेलात तरी चालतील. (साध्या, म्हणजे फोर-के नसलेल्या, ब्लू-रे डिस्कला ती आहे: अमेरिका ए, भारत सी.) डिस्कवर सेकंदाला कमाल १२८ मेगाबिटपर्यंत माहिती वाहते, स्ट्रीमिंगला फोर-के म्हणून साधारण १५ ते २५ मिळते. अंधाऱ्या प्रसंगात, धुक्यात, पावसात हा फरक डोळ्यांना कळतो. मात्र डिस्कवरचं चित्र आधीच टीव्हीच्या मापाचं असल्यामुळे चांगल्या टीव्हीवर दोनशे डॉलरचा आणि हजाराचा प्लेअर यांतला फरक शोधावा लागतो.

त्यापेक्षा टीव्हीची जात बघा. सॅमसंगचे टीव्ही डॉल्बी व्हिजन (एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या चित्राचा एक प्रकार) घेत नाहीत, तिथे त्यासाठी जास्त पैसे कशाला? एलजी किंवा सोनीचा डॉल्बी व्हिजनवाला टीव्ही असेल तर ते देणारा प्लेअर घ्या. सोनीचा एक्स ७०० देतो, पण डिस्कप्रमाणे ते सेटिंग हाताने चालू-बंद करावं लागतं. हे विसरलात तर साध्या एचडीआर१० च्या डिस्कही डॉल्बी व्हिजन म्हणून बाहेर पडतात आणि रंग थोडे बदलतात. पॅनासॉनिकचा यूबी ८२० हे आपलं आपण ओळखतो, यूबी ४२० मध्ये मात्र डॉल्बी व्हिजन नाही. बेसमेंटमध्ये प्रोजेक्टर लावणार असाल तर ८२० साठी जास्तीचे पैसे मी बिनधास्त मोजेन. प्रोजेक्टरला टीव्हीइतका उजेड पाडता येत नाही, आणि एचडीआरचा झगमगाट त्याच्या कुवतीत बसवण्याची सोय या प्लेअरमध्ये चांगली आहे. घरात गेम खेळायचा डिस्कवाला पीएस ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स असेल तर आधी त्यावर फोर-के लावून बघा. डिस्कचं डॉल्बी व्हिजन मिळणार नाही, बाकी काम भागतं. ओप्पोचे जुने प्लेअर लोक अजून नावाजतात, पण कंपनीने २०१८ मध्येच हा धंदा आवरला. सेकंडहँड महागड्या यंत्रात नव्याने आलेल्याने पडू नये.

प्लेअर जोडल्यावर अर्धा तास टीव्हीच्या सेटिंगला द्या. ज्या एचडीएमआय खाचेत वायर घातली, तिची पूर्ण क्षमता बऱ्याच टीव्हींत मेनूमधून चालू करावी लागते. सॅमसंगमध्ये तिला इनपुट सिग्नल प्लस म्हणतात. ती बंद राहिली तर एचडीआर नीट येत नाही आणि लोक प्लेअर परत करून येतात. वायर १८ गिगाबिटची, 'प्रीमियम हाय स्पीड' लिहिलेली पुरे. मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी सोय, बंद करा, नाहीतर सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. फिल्ममेकर मोड असेल तर तोच ठेवा.

डिस्क विकत घ्यायची घाई नको. राहत्या पत्त्याचा पुरावा दिला की गावच्या पब्लिक लायब्ररीचं कार्ड फुकट मिळतं, आणि तिथे डीव्हीडी, ब्लू-रे, बऱ्याच ठिकाणी फोर-केसुद्धा घरी न्यायला देतात. पण दहा हातांतून आलेली डिस्क आधी उजेडात धरा. शंभर जीबीची तीन थरांची डिस्क बोटांच्या ठशांनीही मध्येच अडकते. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको.

दुकानात जाताना घरची सगळ्यात हट्टी डीव्हीडी पिशवीत टाका आणि लावून दाखवायला सांगा. ऑनलाइन घेतलात तर खोकं आणि बिल परतीची मुदत संपेपर्यंत जपा, आणि पहिल्याच शनिवार-रविवारी लावणी, श्रेयनामावली आणि एक फोर-के डिस्क असं सगळं तपासून घ्या.