एमपीएससी सुटल्यानंतरचं दुःख
कोणी गेलेलं नसतं, म्हणून भेटायलाही कोणी येत नाही. पण वयोमर्यादा संपली की अधिकारी होण्याचं स्वप्न जातं आणि त्याचा शोक होतोच.

लगेच दुसऱ्या परीक्षेचा फॉर्म भरू नका. दुःख तसंच राहतं, फी मात्र जाते. टेलिग्रामचे ग्रुप सोडा, निदान निकालाच्या दिवशी म्यूट करा. पुस्तकं रागाच्या भरात रद्दीत घातली की मागाहून चुटपुट लागते. खोक्यात बांधा, महिन्याभराने अभ्यासिकेला द्या. स्वतःच्या अक्षरातली एक वही ठेवा. ‘सध्या काय करतोस?’चं एका वाक्यातलं उत्तर लग्नसराईआधीच ठरवा.

सगळ्यांत जड जाते रिकामी सकाळ. अभ्यासिकेच्या वेळेलाच उठा, तासभर चाला.

झोप-जेवण २ आठवडे बिघडलेलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मोफत आहे. जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी.