उभयचर गाडी काठावर रुतते तेव्हा : विंच शिकणाऱ्यांसाठी

उभयचर गाडी पाण्यात सहसा अडकत नाही, ती अडकते काठावर. तिथून ती विंचनं, म्हणजे मोटरनं फिरणाऱ्या ड्रमवर दोर गुंडाळून, ओढून काढायची असते. पुढची चाकं चढावर टेकलेली, मागची अजून तरंगतायत. निम्मं वजन पाण्यानं उचललेलं, त्यामुळे टायरवर भार नाही आणि पकडही नाही. अशा वेळी घाबरून रेस वाढवली की पुढची चाकं काठात पायरी खणतात आणि गाडीचं सपाट बूड त्या पायरीवर बसतं. बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या काठच्या ओल्या काळ्या मातीत एवढं व्हायला अर्धं मिनिट पुरतं. चाकं फिरतायत पण गाडी हलत नाही असं दिसताक्षणी रेस सोडायची. सहा-आठ चाकांच्या या गाड्या एका बाजूची चाकं रोखून वळतात, म्हणून रुतल्यावर वळवून बघण्याचा मोहही टाळायचा. प्रत्येक वळणाबरोबर बूड आणखी खाली जातं.

बडोद्यात यात आणखी एक भर आहे. नदीत मगरी आहेत, आणि पुरात त्या नदीत राहत नाहीत, सोसायट्यांच्या रस्त्यांवर येतात. तेव्हा 'एक जण कमरेएवढ्या पाण्यात उतरून हूक लावेल' ही पाठ्यपुस्तकातली पायरी इथे चालत नाही. हूक पाण्यात शिरण्याआधी लागलेला असावा लागतो. त्यासाठी पुढच्या आणि मागच्या ओढण्याच्या कड्यांना प्रत्येकी आठ-दहा मीटर सिंथेटिक दोराची शेपटी शॅकलनं (पिनेनं बंद होणाऱ्या लोखंडी कडीनं) जोडून ठेवा आणि तिचं दुसरं टोक गाडीत, हाताशी बांधून ठेवा. गाडी फसली की टोक काठावर फेकायचं, कुणीही गाडीतून उतरायचं नाही. शेपटी चाकात गुंतू नये म्हणून तिला दोन ठिकाणी सुतळीचे कच्चे बंद घाला. ताण आला की ते आपोआप तुटतात.

काळाघोडा पुलाशी विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात ती ३५ फुटांच्या पुढे गेली होती. आजवा जलाशयाचं पाणी किती चढलंय हे बडोदेकर पावसाळ्यात रोज विचारतोच, पण बचावकाम शिकणाऱ्यानं आणखी एक प्रश्न विचारायचा असतो: पाणी उतरल्यावर काठ कसा असेल? चढत्या पाण्यात आत शिरणं सोपं असतं. उतरत्या पाण्यात तोच काठ हातभर गाळानं माखलेला असतो. गाडी आत घालण्याआधी बाहेर यायची जागा आणि तिथला आधार (दोर बांधायचं झाड किंवा पुरलेला ओंडका) ठरलेला हवा.

आता आकडे, कारण अंदाजानं ओढणं हेच अपघाताचं मूळ आहे. समजा माणसं आणि सामान धरून आठ चाकांची लहान गाडी ७०० किलोची आहे. बुडाचा बूच नीट बसला नाही म्हणून आत पाणी शिरलं. दोन मीटर बाय एक मीटर तळात १५ सेंटिमीटर पाणी म्हणजे ३०० लिटर, म्हणजेच ३०० किलो. गाडी झाली १००० किलोची. चिखलाचा ढोबळ हिशोब असा: चाकांपर्यंत रुतली तर गाडीच्या वजनाइतका ओढ लागतो, चाकांवरच्या मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट, त्याहून खोल तर तिप्पट. इथे दुप्पट धरू, २००० किलो. काठाचा चढ १५ अंशाचा असेल तर वजनाचा चौथा हिस्सा वाढतो, आणखी २५० किलो. एकूण २२५० किलो.

गाडीवरचा विंच ३५०० पाउंडाचा, म्हणजे सुमारे १५९० किलोचा. पण हा आकडा ड्रमवर दोराचा सगळ्यात आतला एकच थर असतानाचा. वरच्या प्रत्येक थराला ताकद दहा ते पंधरा टक्क्यांनी घटते. चौथ्या थरावर हाच विंच जेमतेम ११०० किलो ओढतो. जवळच्या झाडाला बांधून थोडाच दोर सोडला की विंच 'कमजोर' वाटतो तो यामुळे. मोटर बदलायची गरज नसते, झाड लांबचं निवडायचं असतं.

आता पाणी आधी उपसून काढा. गाडी ७०० किलोवर आली की ओढ १४०० अधिक १७५, म्हणजे १५७५ किलोवर येतो. ड्रमवर आतला एकच थर उरला असेल तर विंच काठोकाठ पुरतो. वर एक चरखी, म्हणजे स्नॅच ब्लॉक, घातली तर अडचण उरत नाही. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी पंप, मग चरखी, मग विंच. नवी पोरं उलट्या क्रमानं जातात, कारण बटण दाबण्यात मजा असते आणि बादली मारण्यात नसते.

चरखी आधाराला लावायची, दोर तिच्यातून फिरवून हूक परत गाडीच्या कड्याला. ओढ जवळपास दुप्पट होतो (घर्षणात दहा टक्के जातात), वेग निम्मा होतो, आणि दोर दुप्पट सुटल्यामुळे ड्रमवरचे थरही कमी होतात. मात्र आधारावर दोन्ही पदरांचा ताण येतो. चरखी, शॅकल आणि आधाराभोवतीचा पट्टा दोराच्या ताणाच्या किमान दुप्पट क्षमतेचे हवेत. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत क्रेनचं सामान मिळतं तिथे पट्टे रंगावरून ओळखता येतात: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, करडा ४, लाल ५. इथे करडा घ्या. शॅकलवर कामाचा भार कोरलेला असतो, ५/८ इंची बहुधा ३.२५ टनाचं. काहीच कोरलेलं नसेल तर ते शॅकल फाटकाला लावा, दोराला नको. पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्या, नाहीतर ताणानंतर ती हातानं सुटत नाही.

आधार झाडाचा असेल तर पट्टा बुंध्याशी, अगदी जमिनीलगत. दोर झाडाभोवती गुंडाळून हूक त्याच दोरात अडकवू नये, दोर तिथेच चिरडतो. कडुनिंब, चिंच, जुनी बाभूळ चालते. नदीकाठी सगळीकडे माजलेल्या झाडाला गुजरातीत 'गांडो बावळ' म्हणतात (मराठी कानांना दचकायला होतं, पण अर्थ फक्त 'वेडी बाभूळ'). त्याची मुळं घट्ट असतात, तरी मनगटाएवढ्या पाच-सहा फांद्यांचं झुडूप म्हणजे आधार नव्हे. झाडच नसेल तर ओंडका किंवा जादा टायर मीटरभर खोल चरात, ओढीच्या दिशेला आडवा पुरा, आणि पट्टा वर येण्यासाठी पुढच्या बाजूला अरुंद तिरका खाचा ठेवा. पहारी ठोकायच्या तर ३-२-१ अशा रांगेत (गाडीकडे तीन, त्यांच्या मागे दोन, मग एक), गाडीपासून दूर कलत्या, दोन तृतीयांश जमिनीत. पुढचीचं डोकं मागचीच्या पायाशी बांधायचं. ओल्या काळ्या मातीत मात्र पहारी लोण्यातून सुरी निघावी तशा निघतात. तिथे पुरलेला ओंडकाच खरा.

काठाच्या कडेवर, दोराखाली एक गोल ओंडका आडवा टाका. दोर मातीत चिरत जात नाही आणि ओढ किंचित वरच्या दिशेला लागतो, त्यामुळे गाडीचं नाक पायरीत घुसण्याऐवजी उचललं जातं. बूड चिखलाला चिकटलं असेल तर सरळ ओढण्याआधी बुडाच्या एका कडेखाली पहार घालून हवा शिरू द्या. पुच्च असा आवाज आला की निम्मं काम झालं.

ओढताना इंजिन चालू, मध्यम रेसवर. पूर्ण ताणावर असा विंच दीडशे ते अडीचशे अँपिअर खातो. बॅटरी बसली की सोलेनॉइड, म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, तडतडतो, त्याचे काँटॅक्ट चिकटतात आणि बटण सोडलं तरी विंच थांबत नाही. म्हणून बॅटरी तोडायचा स्विच हाताशी असल्याशिवाय उभयचर गाडीला विंच बसवू नये. एक मिनिट ओढा, थांबा, मोटरला हात लावून बघा. दोरावर मध्यभागी ओलं गोणपाट टाका, तुटलाच तर फटका कमी बसतो. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी उभं राहू नये, आणि चरखी असेल तर दोन पदरांमधल्या त्रिकोणात तर मुळीच नको. सिंथेटिक दोर हलका, पाण्यावर तरंगणारा, म्हणून या कामाला तोच. पण ड्रमवर त्याचे किमान आठ वेढे राहिले पाहिजेत, स्टीलला पाच पुरतात. ब्रेक ड्रमच्या आत असेल तर ताणाखाली दोर उलटा सोडू नका. ड्रम तापतो आणि आतले वेढे वितळतात.

शिकण्याचा मार्ग विचाराल तर बडोद्याजवळ जरोदला एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) सहावी बटालियन आहे, पण तिथे थेट भरती नसते, केंद्रीय दलांतून जवान प्रतिनियुक्तीवर येतात. सामान्य माणसाला आपत्तीतल्या स्वयंसेवकांसाठीचं सरकारी 'आपदा मित्र' प्रशिक्षण किंवा अग्निशमन दलाची वाट जवळची. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक केलेल्याला गिअरबॉक्स आणि वायरिंग आधीच येतं. सुरुवात इलेक्ट्रिक विंचवर करू नका. पहिला महिना हाताच्या टिरफोरवर (दांडा मागेपुढे करून दोर ओढणाऱ्या यंत्रावर) काढा, सुक्या काठावर, मगर नसलेल्या जागी. दांडा ओढताना किती ताण आलाय ते दंडाला कळतं. त्याच्या दांड्यात मऊ धातूची पिन असते, भार वाढला की ती मुद्दाम तुटते. तिच्या जागी खिळा घालणाऱ्याला लगेच घरी पाठवावं.

काम झाल्यावर, त्याच संध्याकाळी, दोर पूर्ण सोडून गोड्या पाण्यानं धुवा. धाग्यांत अडकलेली रेती पुढच्या वेळी आतून कापते. सावलीत वाळवा आणि थोडा ताण देऊन गुंडाळा, सैल गुंडाळला तर वरचा थर खालच्यात रुततो. गिअरबॉक्सचं ग्रीस दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सील बदलेपर्यंत ती गाडी पाण्यात नेऊ नका.